चुकीसकट तंतोतंत

सुलभाबायचा चष्मा तुटला तेव्हा म्हापशाच्या चष्मेवाल्याने तिला तोच नंबर आणि तसलीच काळी फ्रेम घालून नवा चष्मा करून दिला. तिने तो डोळ्यांवर चढवला, मान खाली घातली, वर केली आणि काढून त्याच्या हातात परत दिला.

"जुन्याची डावी दांडी जराशी बाहेर वाकलेली होती," ती म्हणाली. "तशी वाकवून द्या."

"बाय, मग तो घसरत राहील."

"घसरतच होता. मला त्याची सवय आहे."

चष्मेवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी दुकानाच्या पाटीकडे बघितलं. शेवटी त्याने दांडी गरम केली आणि वाकवली. चष्मा तिच्या नाकावरून घसरला, तिने नेहमीसारखा मधल्या बोटाने वर ढकलला आणि समाधानाने दुकानाबाहेर पडली. मी स्वतः बरोबर होतो म्हणून सांगतो. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

सुलभाबाय डिचोलीत आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर बघते. मी तिथेच रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. तिचं वय पन्नाशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, साडी कायम सुती. पेडण्याहून म्हापसा आणि म्हापशाहून डिचोली अशा दोन बस बदलून रोज येते आणि तरी सगळ्यांच्या आधी पोचते. बोलणं कमी. पण एखादी वस्तू बदलून तिच्या जागी दुसरी आली, की बायच्या अंगात येतं.

तिच्याकडे दोन शब्द आहेत. एक 'चालतं' आणि दुसरा 'तंतोतंत'. हे दोन शब्द कोणी एकमेकांच्या जागी वापरले, तर तिला ते देवाच्या ताटात चप्पल ठेवल्यासारखं वाटतं.

आमच्या कँटीनला पाव देणारा जुना पदेर म्हातारा झाला आणि भट्टी बंद करून मुलाकडे राहायला गेला. त्याच्या जागी नवा पदेर आला. पाव चांगले होते, खरं तर जुन्यापेक्षा चांगले होते. सुलभाबायने एक उंडो, म्हणजे गोल कडक पाव, फोडला, वास घेतला, चहात बुडवला, उलटा करून त्याचं बूड बघितलं.

"जुन्याच्या बुडाला राख असायची," ती म्हणाली.

"राख नाही ते बरंच की," कँटीनवाला म्हणाला.

"बरं आहे. चालतं. पण तंतोतंत म्हणू नको."

तो बिचारा काहीच म्हणाला नव्हता.

पुढे रिसेप्शनवरची मनीषा बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि बदली मुलगी आली. सुलभाबायचा तिच्याशी तसा काही संबंध नव्हता. तरी एक अख्खी सकाळ ती त्या मुलीच्या शेजारी कादेर, म्हणजे खुर्ची, टाकून बसली आणि तिला 'बसा हां, बोलवतंय' हे तीन शब्द म्हणायला शिकवत राहिली. 'हां' लांब काढायचा. 'बोलवतंय' म्हणताना मान डावीकडे झुकवायची. सगळं हॉस्पिटल तोंडावर हात ठेवून हसलं, मीसुद्धा. पण खाणींच्या बाजूच्या गावांतून येणाऱ्या म्हाताऱ्या तो 'हां' ऐकून निमूट बाकावर बसायच्या, हेही खरं.

आता मुद्द्याची गोष्ट. लॅबमध्ये रक्त तपासणारं यंत्र आहे. यंत्र नुसते कच्चे आकडे देतं. ते घेऊन हिशेब करणं, पेशंटच्या नावावर लावणं आणि रिपोर्ट छापणं, हे एक प्रोग्राम करतो. तो प्रोग्राम ज्या कंपनीने लिहिला ती कधीच बंद पडली. जाताना त्यांनी आमच्याकडे ठेवला तो फक्त तयार प्रोग्राम. तो मुळात कसा लिहिला होता, ते कागद त्यांच्याबरोबरच गेले. सुलभाबाय म्हणायची, भात शिजलाय, आता त्याचे तांदूळ परत मिळायचे नाहीत.

हा प्रोग्राम लिनक्सवर चालायचा. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकट मिळणारी व्यवस्था. पण ती एकच नाही. वेगवेगळ्या गटांनी आपापल्या तऱ्हेने बांधलेली शेकडो लिनक्स आहेत. आमचं जे होतं, ते एका मोठ्या कंपनीच्या पैसे देऊन घ्यायच्या लिनक्सची हुबेहूब नक्कल होतं. नाव आणि चिन्ह काढलेलं, बाकी सगळं तेच. तिथे चालणारा प्रोग्राम इथे जशाच्या तसा चालणार. बायच्या दृष्टीने जगातली ही सर्वांत सभ्य गोष्ट होती.

आणि एके दिवशी जाहीर झालं की ही नक्कल आता अशी निघणार नाही. सुलभाबायच्या तोंडावर आठवडाभर सुतक होतं. मी विचारलं, "बाय, घरी सगळं ठीक ना?" ती म्हणाली, "घरी काय व्हायचंय? हे बघ." आणि तिने मला पडद्यावरची ती बातमी दाखवली. मी जमेल तेवढा दुःखी चेहरा केला.

आम्ही तसेच रेटत राहिलो. मग हे सगळं ज्या कॉम्प्युटरवर चालायचं तो जुना सर्व्हर कण्हायला लागला. त्याच्या डिस्कमधून पत्र्यावर सुपारी घासल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि ट्रस्टने नवा आणून ठेवला. नव्यावर कुठलं लिनक्स घालायचं, हा प्रश्न उभा राहिला.

मोठ्या डॉक्टरांचा भाचा रोहन पणजीला याच धंद्यात आहे. चांगला, हसरा मुलगा. तो मदतीला आला आणि म्हणाला, "सुलभाबाय, एवढी चिंता कशाला? लिनक्स म्हणजे लिनक्स. आतला गाभा एकच."

"बससुद्धा बसच असते," ती म्हणाली. "म्हापसा-डिचोलीचा ड्रायव्हर गिअर टाकताना खाली बघतो?"

"नाही."

"हात आपोआप जातो. त्याला दुसऱ्या कंपनीच्या बसवर बसव. इंजिन आहे, चाकं आहेत, ब्रेक आहे. पण आधीच्या बसमध्ये जिथे पहिला गिअर होता तिथे या बसमध्ये रिव्हर्स असला तर?"

तिने लॅबच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"आमचा प्रोग्राम तसला ड्रायव्हर आहे. ज्यांनी शिकवला ते निघून गेले. त्याला आता नवं काही शिकवता येत नाही. तेव्हा आपण बस तीच द्यायची."

रोहनला तरी एकदा करून बघायचं होतं. त्याने आपल्या आवडीचं लिनक्स घातलं, प्रोग्राम सुरू केला. प्रोग्रामने पडद्यावर एवढंच लिहिलं की मला हवं ते इथे नाही, आणि बंद झाला. रोहनने हात जोडले. पण तो निघून गेला नाही. त्यानंतर प्रत्येक शनिवारी तो गाडी काढून डिचोलीला येत राहिला, आणि मला वाटतं त्याला बायची लागण झाली होती.

जुन्या नकलेच्या जागी तोवर दोन नवे गट उभे राहिले होते. पहिला म्हणत होता, आम्ही मूळ लिनक्स जसं आहे तसं देऊ, त्यातल्या चुकांसकट. दुसरा म्हणत होता, तुमचे प्रोग्राम चालतील याची हमी आमची, पण चूक दिसली तर आम्ही ती दुरुस्त करणार. सुलभाबायने दोन्ही आणून बघितली. जुन्या सर्व्हरवरचा रिपोर्ट आणि नव्यावरचा रिपोर्ट एकावर एक ठेवून ती लॅबच्या जनेलाच्या काचेला लावायची आणि उजेडात अक्षरावर अक्षर बसतं का ते बघायची. रिपोर्ट घ्यायला आलेले लोक तिच्या पाठीकडे बघत उभे राहायचे.

दुसऱ्या गटाच्या लिनक्सवर एक गंमत झाली. आमच्या रिपोर्टवर पेशंटचं नाव कायम थोडं खाली छापलं जायचं, खालच्या रेघेवर बसलेलं. इथे ते बरोबर जागी आलं. मोठे डॉक्टर खूश झाले.

"सुलभा, हेच घाल. इतकी वर्षं ते नाव मला खुपत होतं."

"हे चालतं, डॉक्टर. तंतोतंत नाही."

"अगं, सुधारलंय ना?"

"ही चूक गेली ती डोळ्यांना दिसली म्हणून कळली. न दिसणारं काय बदललं ते कोण सांगणार?" मग ती माझ्याकडे वळली. "सतीशबाब, पोटॅशियमच्या आकड्यातलं टिंब एक घर सरकलं तर तू ओळखशील?"

मी ओळखेन म्हटलं. सोमवारच्या गर्दीत ओळखेन की नाही, याचा मी मनात विचार करत होतो. डॉक्टरही तोच करत असावेत, कारण त्यांनी रिपोर्ट खाली ठेवला आणि म्हणाले, "तुला हवं ते घाल."

तिने पहिलं घातलं. चुकीसकट.

बदलाबदल रविवारी सकाळी ठरली, कारण ओपीडी बंद असते. बाय, रोहन आणि मी. माहिती नव्या सर्व्हरवर आली, जुना बंद केला. त्याच वेळी खाली गाडी थांबली. सावंतवाडीकडचा एक ट्रक ड्रायव्हर होता, खनिज वाहतुकीवरचा. पाय लुळे पडल्यासारखे झाले होते, छाती धडधडत होती. डॉक्टर जिना चढून स्वतः वर आले आणि म्हणाले, "पोटॅशियम हवंय, लगेच."

रोहनने जुना सर्व्हर परत चालू करायला बटण दाबलं. सुपारी घासल्याचा आवाज आला, दोनदा, आणि मग काहीच आलं नाही. सर्व्हर मेला होता.

सुलभाबाय नव्याच्या समोर बसली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. "आधी कंट्रोल लाव," ती म्हणाली. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असा नमुना. मी तो लावला. यंत्र घरघरलं. प्रोग्राम सुरू झाला, तक्रार न करता, जणू काल रात्री याच खोलीत झोपला होता. उत्तर आलं, ते बरोबर होतं. तिने कंट्रोलचा जुना रिपोर्ट आणि हा नवा घेतला, जनेलाशी गेली, दोन्ही काचेला लावले. डॉक्टर दारात उभे होते, पण त्यांनी घाई केली नाही.

"लाव त्याचं रक्त," ती म्हणाली.

रिपोर्ट आला. नाव खालच्या रेघेवर बसलेलं, नेहमीसारखं. त्याखाली आकडा होता, आणि तो वाईट होता. डॉक्टर कागद घेऊन जवळजवळ पळतच खाली गेले. जेवणाच्या वेळेला मी वॉर्डात डोकावलो तेव्हा ड्रायव्हर उशीला टेकून बसला होता आणि नर्सकडे चहा मागत होता. नर्स नाही म्हणत होती. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या तिथे त्याच्या पलंगाच्या कडेला बसलो.

वर येऊन मी ते सांगितलं. रोहनने टाळी दिली. डॉक्टर मागोमाग वर आले तेव्हा सुलभाबाय नुसती म्हणाली, "डॉक्टर, आता मला रजा मिळेल?"

तिने रजा मागितल्याचं कोणालाही आठवत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, कशासाठी? "घर बदलायचंय. रस्ता रुंद होतोय, आमचं घर त्यात जातंय. पेडण्याजवळ पार्श्याला नवं बांधलंय."

सामानाला मदत म्हणून रोहनची पिकअप घेऊन आम्ही दोघे गेलो. पार्श्याला काजूच्या बागेच्या कडेला छोटंसं कौलारू घर होतं. अंगणात गवंडी बाबू मेस्त उरलेली रेती भरत होता. त्याने आम्हाला बघितलं आणि इतके दिवस साठलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"तुमी हिच्या हापिसातले? तुमीच सांगा आता. भिंत काटकोनात घेतंय म्हटलंय, तर म्हणता तिरकी घे. उंबरो सपाट करतंय म्हटलंय, तर म्हणता उंच ठेव, आनी मदी खाच पाड. जुन्या घरात दोरी घेऊन मापां काडलीं, सगळ्यो चुको मोजून हाडल्यो. माझो बापूस वर बसून बघता आसतलो, म्हणत आसतलो, ह्या काय बांधलंस रे बाबू?"

सुलभाबायने पिकअपचं फळकूट उघडलं. आम्ही सामान उतरवलं. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. कादेर भिंतीपासून एवढी, माठ कोपऱ्यात एवढा. टोल्याचं घड्याळ पलंगाच्या पायथ्याच्या भिंतीवर, आणि ते थोडं वाकडं. मी सरळ करायला गेलो तर तिने माझा हात धरला. रोहन माझ्या कानात म्हणाला, "हिला घरीसुद्धा तंतोतंत लागतं." आम्ही दोघे हसलो.

मग शेजाऱ्यांची गाडी आली आणि सुलभाबायने हाताला धरून एका म्हातारीला खाली उतरवलं. ही तिची आई. इतकी वर्षं एकत्र काम करूनही मी तिला कधी बघितलं नव्हतं. लहानखुरी, पांढऱ्या केसांचा आंबाडा, चेहरा प्रसन्न. ती आमच्या बाजूला वळून हसली, पण तिचे डोळे आमच्या दोघांच्या मधून कुठेतरी बाजूला गेले, आणि मला कळलं की तिला दिसत नाही.

"काचबिंदू," सुलभाबाय हळू आवाजात म्हणाली. "बरीच वर्षं झाली. जुन्या घरात ती सगळं करायची. चहा, फुलं, देवपूजा. आलेल्या माणसांना पत्ताच लागायचा नाही. मी दिवसभर बाहेर असते. नव्या घरात ती एका जागी बसून राहिली असती."

दारापाशी तिने आईचा हात सोडला. बाबू मेस्त फावडं टेकून बघत राहिला. आम्हीही.

म्हातारीने पाय उचलला, उंबरा ओलांडला आणि थांबली. मग वाकून तिने उंबऱ्यावरून हात फिरवला. बोटं त्या खाचेत गेली.

"गो सुलू," ती म्हणाली, "हो उंबरो तसोच हाडलंस?"

"होय आये."

"जल्मभर हेच्यावर ठेची खाल्लंय मी. नव्या घरात तरी सपाट करूचो."

बाबू मेस्तने वर आभाळाकडे बघितलं. सुलभाबायचा चेहरा पडला. मी तिला प्रथमच गोंधळलेली बघत होतो. "काडून टाकूया, आये? बाबू हंयच आसा."

म्हातारीने उंबऱ्यावर हात थोपटला. "नाको आता. पाय आपसूक उचलता. उंबरो नाय गावलो तर तोंडार पडान मी." आणि ती हसायला लागली. तिचं ऐकून बाबू मेस्त हसला, रोहन हसला, आणि शेवटी सुलभाबायही भिंतीला टेकून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

म्हातारी तोवर पुढे निघाली होती. घड्याळाच्या टिकटिकीकडे कान देऊन ती तिरक्या भिंतीच्या कडेने गेली, वळली, कादेरीच्या पाठीवर तिचा हात आपसूक पडला. तिथून माठाशी. झाकण काढलं, पाणी घेतलं, प्यायली आणि लोटा पालथा घातला. एकदाही चाचपडली नाही. मी सुलभाबायकडे बघितलं. तिने इतका वेळ श्वास धरून ठेवला होता की काय कोण जाणे, तिचे खांदे सावकाश खाली आले.

आम्ही बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओट्यावरच्या, बाकावर बसलो. शेजारणीने पेज आणून दिली. सुलभाबाय भुकेल्या माणसासारखी जेवली, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी म्हटलं, "बाय, तू कधी बोलली नाहीस."

"सांगण्यासारखं काय त्यात? तिला ते घर येत होतं. एवढंच." ताट बाजूला ठेवून ती म्हणाली, "भीती एकच होती. आत पाऊल टाकून तिने विचारलं असतं, सुलू, मी खंय आसंय, तर मी काय सांगितलं असतं?"

बाबू मेस्त घरी गेला. काजूच्या झाडांमागे उजेड मावळत चालला, रोहन भिंतीला टेकून पेंगायला लागला, आणि आम्ही नुसते बसून राहिलो. उठावं असं कोणालाच वाटत नव्हतं.

आतून घड्याळाचे सात टोले पडले. पाठोपाठ अनवाणी पावलांचा आवाज आला. दाराच्या आत भिंतीवर एक हात आला, सरळ बटणावर गेला आणि त्याने ते वर ढकललं. ते बटण उलटं बसवलेलं होतं. आमच्या डोक्यावरचा दिवा लागला. म्हातारीच्या मागच्या खोलीत काळोखच होता.

"काळोखात कित्या बसल्यात?" ती म्हणाली. "चिलटां चावतलीं."

सुलभाबाय दिव्याकडे बघत राहिली.

"बरा केलंस, आये," ती म्हणाली. "आमका कायच दिसत नाय होता."